चार फुटी रीफ टँकमध्ये वेव्हमेकर कुठले घ्यावे आणि कुठे लावावे?

कोथरूडकर

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याचे टँक बारा वर्षं सांभाळले, गेल्या गणपतीनंतर पहिल्यांदा खाऱ्या पाण्याचा, कोरलसाठीचा म्हणजे रीफ टँक उभा केलाय. ४ x २ x २ फूट, १२ एमएम काच, डाव्या कोपऱ्यात ओव्हरफ्लो (वरचं पाणी खाली उतरायचा खोका), खाली सम्प (दुसरी टाकी), तिथून रिटर्न पंप पाणी परत वर आणतो. काठोकाठ भरला तर ४५० लिटर होतील पण दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करून पाणी ३८० लिटर धरतोय. आत एक लेदर आहे हाताच्या पंजाएवढा, झोआच्या तीन वसाहती, थोडे मश्रूम (ही सगळी मऊ कोरल) आणि चार मासे.

दुकानदार म्हणाला रीफ म्हटलं की पन्नास पट फ्लो लागतोच, म्हणजे तासाला टँकमधल्या पाण्याच्या पन्नास पट पाणी हलायला हवं, म्हणून १०,००० लिटर प्रति तासवाले दोन एसी वेव्हमेकर (आतलं पाणी हलवणारे पंप) घेतले आणि मागच्या काचेला दोन टोकांना लावले, तोंड पुढच्या काचेकडे. आता होतंय असं की उजवीकडे पुढची वाळू उडून खालची काच उघडी पडलीये, मधे वाळूचा ढीग झालाय, आणि दगडांच्या मागे मात्र पाणी ढिम्म हलत नाही, तिथे लाल मखमलीसारखा थर चढतोय. लेदर दहा दिवस मिटून बसलाय, वरून मेण फासल्यासारखा चकचकीत दिसतो. झोआ दुपारी अर्ध्या उघडतात आणि संध्याकाळी परत बंद. परवा रात्री दोन वाजता एका पंपाचे रबरी कप सुटले, पंप खाली वाळूत तोंड करून पडला आणि सकाळी सगळ्या कोरलवर वाळूचा लेप.

दुकानदार म्हणतो अजून एक पंप लाव मागे. अजून घेऊ का आहेत तेच हलवू? घ्यायचेच झाले तर पंधरा हजारापर्यंत तयारी आहे.

ठाणेकर

आत्ता काही घेऊ नकोस. आधी पाणी कुठे जातंय ते डोळ्यांनी बघ. फ्रोझन आर्टेमियाचा (माशांचं खाणं, बारीक कोळंबीसारखे जीव) एक क्यूब वाटीत विरघळव, ते गढूळ पाणी मोठ्या सिरिंजमध्ये घे (सुई काढून), खोलीतले दिवे बंद, टँकचा लाइट चालू, आणि पंपाच्या तोंडासमोर, दगडामागे, ओव्हरफ्लोच्या शेजारी असं थोडं थोडं सोड. कण कुठे धावतात, कुठे गोल गोल फिरत बसतात, कुठे सरळ खाली बसतात ते कागदावर टँकचं चित्र काढून बाणांनी मांड. अर्ध्या तासाचं काम आहे पण त्यानंतर तुला कोणाला विचारावं लागणार नाही.

आणि दगड मागच्या काचेला टेकवलेत का? टेकवले असतील तर पंप कितीही लाव, मागे पाणी जाणार कुठून.

कोथरूडकर

हो, टेकवलेत. भिंतच बांधलीये म्हणा ना, डावीकडून उजवीकडे सलग. सिरिंजचं शनिवारी करतो.

जर्सीकर

ठाणेकरांना पूर्ण अनुमोदन. मी इथे न्यू जर्सीत दहा वर्षं रीफ ठेवतोय, पहिली चार वर्षं नुसते आकडे बघून पंप घेतले आणि पैसे घालवले, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

आधी फ्लो कशासाठी लागतो ते. पावसाळ्यात घरात दोरीवर कपडे वाळत घालतो आपण, खोली तीच, तापमान तेच, पण पंखा लावला की वाळतात आणि नाही लावला तर दोन दिवस ओले राहून वास मारतात. कारण कपड्याला लागून दमट हवेचा एक थर बसलेला असतो आणि तो हलला नाही तर पुढचं पाणी उडत नाही. कोरलच्या अंगालाही पाण्याचा तसाच एक पातळ थर चिकटून असतो. कोरलला कल्ले नाहीत, जे काही आत यायचं, बाहेर जायचं ते त्या थरातून. दिवसा त्याच्या आतली शैवाल ऑक्सिजन बनवतात आणि तो साचला तर कोरललाच बाधतो, रात्री उलट, ऑक्सिजन बाहेरून यावा लागतो. थर जितका पातळ तितकी ये-जा सोपी, आणि थर पातळ करायचं काम वाहतं पाणी करतं. १९९८ साली समुद्र तापून जगभर कोरल पांढरी पडली ना, तेव्हा जपानमध्ये ओकिनावाला अभ्यास झाला होता, जिथे पाणी जोरात वाहत होतं तिथली कोरल जास्त वाचली. इतकं ते महत्त्वाचं आहे.

पण आता तुझ्या दुकानदाराचे पन्नास पट. तो आकडा इकडच्या एसपीएसवाल्यांचा आहे, म्हणजे ॲक्रोपोरा वगैरे फांद्यांची कडक कोरल, जी प्रत्यक्ष लाटा फुटतात तिथे वाढतात. तुझ्याकडे लेदर, झोआ, मश्रूम. यांना पंधरा ते वीस पट पुष्कळ, मश्रूमला तर त्याहून कमी चालतं. आणि डब्यावरचा आकडा पंप मोकळ्या पाण्यात, स्वच्छ, नवा असतानाचा असतो. शिवाय तेच १०,००० लिटर बारीक तोंडातून आले तर पिचकारी होते आणि रुंद प्रोपेलरमधून आले तर नुसतं ढकलणं होतं. कोरलला लिटर कळत नाहीत, त्याच्या अंगाशी वेग किती आहे तो कळतो. वेग मोजायचा साधा उपाय, तुझा टँक १२० सेंटीमीटर लांब आहे, आर्टेमियाचा कण या टोकापासून त्या टोकाला दहा सेकंदात गेला तर सेकंदाला १२ सेंटीमीटर. लेदर जिथे आहे तिथे मला ५ ते १० च्या मधे आवडेल, तेसुद्धा सतत एकाच दिशेने नाही.

जागेबद्दल. पंप मागच्या काचेला आणि तोंड पुढे, यात पाण्याला धावायला फक्त दोन फूट मिळतात. जोरात येऊन पुढच्या काचेवर आपटतं, खाली वळतं आणि वाळू खणतं, तुझ्याकडे नेमकं तेच झालंय. बाजूच्या लहान काचांना लाव म्हणजे चार फूट मिळतील. वरच्या एक तृतीयांशात, तोंड किंचित पृष्ठभागाकडे. पाणी वरून एका टोकाला जातं, खाली वळतं आणि वाळूवरून, दगडाखालून परत येतं. सगळा टँक मिळून एक मोठं चाक फिरल्यासारखं. एकदा ते चाक फिरायला लागलं की थोड्या ताकदीवर फिरत राहतं. दोन पंप एकमेकांसमोर एकाच वेळी पूर्ण जोरात ठेवले तर मधे टक्कर होऊन खळबळ होते, ती काही जणांना आवडते, पण चाक मोडतं. मी सहा तास डावा, सहा तास उजवा असं लावतो.

मॅक्सस्पेक्टचे जायर म्हणून लांबट पंप येतात ते या चाकासाठी फार छान, पाणी चादरीसारखं रुंद टाकतात. व्होरटेकची मोटर काचेच्या बाहेर असते, आत फक्त पंखा, त्यामुळे मोटरची उष्णता बाहेर राहते पण काचेची जाडी बघूनच मॉडेल घ्यावं लागतं. टुंझे मजबूत. तुझ्या बजेटमध्ये जेबाओचे डीसी वेव्हमेकर बसतील, कंट्रोलरवाले. एसी घेऊ नकोस परत, जोर कमी-जास्त करता न येणं हीच तुझी निम्मी अडचण आहे.

खारंपाणी

जर्सीकर, कपड्यांचं उदाहरण एकदम पटलं. वाचनखूण साठवली.

नाशिकची_मासोळी

कोथरूडकर, विषयाला धरूनच एक सांगते. आपल्याकडे सगळे दगडी कोरल आणि समुद्रपंखे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. कोणी "स्वस्तात हॅमर देतो, टॉर्च देतो" म्हणालं (दोन्ही दगडी कोरलच) तरी घेऊ नका. आणि म्हणूनच इथल्या टँकसाठी परदेशी व्हिडिओ बघून पन्नास पटीचे पंप घेणं चुकतं, ते ज्या प्राण्यांसाठी आहेत ते आपण ठेवायचेच नाहीत. मऊ कोरल, सावकाश पाणी, आणि पैसे वाचलेले स्किमरला (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) लावा.

लेदर आजारी नाहीये बहुतेक. तो अधूनमधून मेणासारखी कात टाकतो, आठवडा दोन आठवडे मिटून राहतो. पाणी त्याच्यावरून नीट वाहत असेल तर ती कात धुऊन जाते आणि नसेल तर तिथेच चिकटून तिच्यावर शेवाळ धरतं, म्हणून त्याला कोपऱ्यात ठेवू नका.

कोथरूडकर

ताई धन्यवाद, कायद्याचं माहीत होतं, म्हणूनच फक्त मऊ कोरल ठेवलेत. पण त्यामुळे पंपाचा हिशोबच बदलतो हे डोक्यात आलं नव्हतं. लेदर कोपऱ्यातच आहे, हलवतो.

मालवणचो_डायव्हर

मी टँक ठेवत नाही, पण ऑक्टोबर ते मे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला लोकांना पाण्याखाली नेतो, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. वर सहा तास डावा सहा तास उजवा वाचलं म्हणून लिहावंसं वाटलं, कारण आमच्या समुद्राचं घड्याळ तेच आहे. सहा तास भरती, सहा तास ओहोटी, म्हणजे ओढीची दिशा दिवसात चार वेळा फिरते. उधाणाच्या दिवसांत ती ओढ इतकी असते की नवख्या माणसाला दगड धरून थांबावं लागतं, आणि भांगाच्या दिवसांत तीच जागा तळ्यासारखी.

पण त्या ओढीच्या वर दुसरी एक हालचाल असते ती टँकवाल्यांनी बघायला हवी. लाट वरून जाते तेव्हा खाली पाणी पुढे सरकतं, थांबतं, मागे येतं. आठ दहा सेकंदांचा एक झोका. मी मधे स्थिर थांबलो तर सरगस, मासे, मी, सगळे एकत्र पुढे आणि एकत्र मागे. कोरलच्या पाकळ्या एकदा इकडे निजतात, मग उभ्या राहतात, मग तिकडे निजतात. त्या उभ्या राहण्याच्या क्षणी खाणं पकडतात असं मला बघून बघून वाटतं. तुमच्या पंपाचं पाणी एकाच बाजूने दिवसभर लागलं तर त्या बिचाऱ्यांना उभं राहायला वेळच मिळत नाही.

आणि वाळू बघत जा. पाणी कुठून येतंय हे वाळूच्या वळ्या सांगतात, वळ्या ओढीला आडव्या असतात. आम्ही गढूळ पाण्यात दिशा अशीच ओळखतो.

जर्सीकर

डायव्हर भाऊ, सोन्यासारखी माहिती दिलीत! डीसी पंपांच्या कंट्रोलरवर हा झोका थोडाफार जमवता येतो, पाच सेकंद जोर, पाच सेकंद मंद. फक्त एक जपा कोथरूडकर. काही पंपांना "वेव्ह" मोड असतो, त्यात पंपाची लय टँकच्या लयीला जुळली की सगळं पाणी डावीकडून उजवीकडे हेलकावे खातं. चार फुटी टँकला ती लय सव्वा सेकंदाच्या आसपास बसते. दिसतं सुंदर, पण काचेच्या सांध्यांवर आणि स्टँडवर रात्रंदिवस धक्के बसतात. पृष्ठभाग बोटभर हलला तर ठीक, त्याहून जास्त नको.

डोंबिवली_फास्ट

लाइट गेल्यावर काय करणार त्याचा विचार पंप घेतानाच करा. रिटर्न बंद पडला तर मासे लगेच मरत नाहीत, पण पाणी थांबलं की ऑक्सिजन खाली येतो, आणि तापलेल्या खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी मावतो. डीसी वेव्हमेकर १२ किंवा २४ व्होल्टवर चालतात, योग्य बॅटरी बॅकअप जोडला तर एक पंप मंद गतीवर रात्रभर निघतो. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर एसी पंप त्यावर भणभणतो, तापतो, कधी सुरूच होत नाही. माझा एक असाच जळला.

उष्णतेचंही बघा. मोटरसकट पाण्यात बुडालेला पंप जेवढे वॉट खातो ते जवळजवळ सगळे शेवटी पाण्यातच उष्णता होऊन उतरतात. ५० वॉट म्हणजे तासाला ४३ किलोकॅलरी, तुमच्या ३८० लिटरला तासाला ०.१ अंश. ऐकायला कमी वाटतं पण दिवसभराचे अडीच अंशांच्या वर जातात, त्यातले काही बाष्पीभवनाने निघतात, बाकी चिलरच्या बिलात. एप्रिल-मे मध्ये हा फरक खिशाला लागतो.

ठाणेकर

आणि वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवा म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी बोर्डात न जाता झोळातून खाली ठिबकेल. ३० मिलीअँपचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी ते बसवा, पंप नंतर. हे मी हात जोडून सांगतोय, घरात लहान मुलं असतात.

कोथरूडकर

सिरिंज प्रयोग केला! सगळा परिवार टँकसमोर बसला होता.

दोन्ही पंपांचं पाणी पुढच्या काचेवर आपटून सरळ खाली, जर्सीकर म्हणाले तस्संच. दगडामागे सोडलेलं आर्टेमियाचं पाणी तीन मिनिटं जागच्या जागी धुक्यासारखं लटकून राहिलं, मग हळूहळू खाली बसलं. बरोबर लाल थर आहे तिथे. आणि लेदर ज्या कोपऱ्यात आहे तिथे कण गोल गोल फिरत राहतात, बाहेर पडतच नाहीत. मुलगी म्हणाली बाबा हे बघा भोवरा. तिने बाणांचं चित्र काढून फ्रिजवर लावलंय.

काल दिवसभर दगड उतरवले. भिंत मोडून दोन बेटं केली, मधे वीतभर खिंड, मागच्या काचेपासून चार इंच सुटं. खालचे दगड थेट काचेच्या तळावर टेकवून मग वाळू भरली. एसी पंप बाजूच्या काचांना लावून बघितले, दिशा सुधारली पण जोर आवरेना, झोआ झोपल्या. मग डीसीचे दोन घेतले, ८,००० लिटरचे, लोहचुंबकवाले, १२ एमएम काचेला चालतील हे विचारून. वीस पट धरलं तर ७,६०० होतात, म्हणजे दोन्ही मिळून अर्ध्यावर चालवले तरी पुरे.

एक गोष्ट मात्र अडली. डावीकडे ओव्हरफ्लोचा खोका आहे तिथे पंप बसतो, पण रिटर्न बंद केला की पंप हवा ओढून गुर्र गुर्र करतो.

ठाणेकर

रिटर्न बंद केलास की टँकची लेव्हल थोडी उतरते, ओव्हरफ्लोच्या दातांपर्यंत. ती उतरलेली लेव्हल काचेवर मार्करने आख आणि पंपाचं वरचं टोक त्याच्या खाली निदान तीन चार बोटं ठेव. हवा ओढली की नुसता आवाजच नाही, बारीक बुडबुड्यांनी पाणी दुधाळ होतं.

दुबईकर

उशीर झाला धागा बघायला पण राहवलं नाही. कोथरूडकर, पुढेमागे ॲनिमोन (समुद्रफूल, हा प्राणी जागा बदलतो) आणायचा विचार असेल तर पंपांना जाळी किंवा स्पंज बसवल्याशिवाय आणू नका. माझा बबल टिप जातीचा ॲनिमोन दोन वर्षं एका दगडावर होता. दगड हलवल्यावर त्याला नवी जागा पसंत पडली नाही आणि रात्री चालत चालत तो वेव्हमेकरपर्यंत गेला. सकाळी पाणी ताकासारखं पांढरं, पंपाच्या जाळीत त्याचे तुकडे, आणि दुपारपर्यंत सहापैकी पाच मासे गेले. क्लाउन माशांची जोडी आठ वर्षांची होती. मी तेव्हापासून ॲनिमोन ठेवलेला नाही.

कोथरूडकर

ताई, फार वाईट वाटलं वाचून. आठ वर्षं म्हणजे घरातलेच झालेले असणार. ॲनिमोन आता यादीतून काढला.

खारंपाणी

पंप साफ करायचं कोणी लिहिलं नाही अजून. तीन महिन्यांनी जांभळं कोरलाइन शेवाळ आणि चुना चढून पंखा जड होतो आणि फ्लो कमी होतो, हे रोज बघणाऱ्याला कळतच नाही. ढोकळ्यात घालतात ते सायट्रिक ॲसिड किराणा दुकानात मिळतं, बादलीत कोमट पाणी घेऊन त्यात घालायचं आणि पंप त्यात अर्धा-पाऊण तास चालू ठेवायचा. आतला पंखा बाहेर काढून दात घासायच्या जुन्या ब्रशने दांडा आणि बुश घासायचा, मग साध्या पाण्यात चालवून धुवायचा. दोन्ही पंप एकाच दिवशी काढू नका.

कोथरूडकर

दीड महिना झाला, लिहितो म्हणालो होतो.

दोन्ही पंप बाजूच्या काचांवर, पाण्याखाली साधारण सहा इंच, तोंड थोडं वर. सकाळी सहा ते बारा डावा ५५ टक्के आणि उजवा २०, मग उलट, असं आलटून पालटून. त्यात पाच-पाच सेकंदांचा झोका लावलाय. रात्री दोन्ही ३५ वर, झोका तसाच. खाणं घालताना दहा मिनिटं बंद. सिरिंजने परत मोजलं, लेदरच्या डोक्याशी कण सेकंदाला ७-८ सेंटीमीटर जातो.

लेदरने नवव्या दिवशी कात टाकली. मी समोरच होतो. मेणाचा पातळ पापुद्रा कडेने सुटला, झोक्याबरोबर फडफडला, मग सगळा एकदम निघून ओव्हरफ्लोकडे गेला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी पाकळ्या बाहेर आल्या, आता इतक्या लांब येतात की मधलं डोकं दिसत नाही, आणि डायव्हर भाऊ म्हणाले तशा निजतात, उभ्या राहतात, परत निजतात. आई रोज चहा घेऊन त्याच्यासमोरच बसते. झोआ सकाळी आठला उघडतात ते लाइट जाईपर्यंत. वाळू सपाट आहे, फक्त मधे बारीक वळ्या पडल्यात, आडव्या.

लाल थर दगडामागून गेला. नुसत्या फ्लोने नाही, दर रविवारी पाइपने ओढून काढत होतो आणि खाणंही कमी केलं. आता एकच राहिलंय. ओव्हरफ्लोच्या मागच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेत कचरा साठतो, करड्या पिठासारखा. पंप कसाही वळवला तरी तिथे साठतोच. तिसरा छोटा पंप लावू का?

ठाणेकर

अजिबात नको. कचरा कुठेतरी बसणारच, तो एका ठिकाणी आणि हात पोचेल अशा जागी बसतोय हे फार चांगलं झालंय. तिथे कोरल ठेवू नकोस, आणि पाणी बदलताना पाइपचं तोंड आधी तिथेच लाव.

कोथरूडकर

लावलं आत्ता. पहिली अर्धी बादली नुसती करडी निघाली, मग स्वच्छ.